दिव्याखालचा टोमॅटो : पाने कधी आणि किती काढावीत

पावसाळ्याच्या सुरुवातीला पेरलेले टोमॅटो आता भर फळावर आहेत. या टप्प्यावर बगलफूट (पान आणि खोड यांच्या बेचक्यातून निघणारा कोंब) खुडणे आणि खालची पाने काढणे हेच आठवड्याचे मुख्य काम होऊन बसते. बगलफुटीबद्दल फारसा वाद नसतो. ती बोटभर होण्याआधी काढावी, एवढे पुरते. पानांबाबत मात्र घरात लागवड करणाऱ्यांत दोन टोके दिसतात. काहीजण पान पिवळे पडून गळेपर्यंत हात लावत नाहीत, तर काहीजण फळांना उजेड मिळावा म्हणून निम्मे झाड एका दिवसात बोडके करतात. या हंगामात ठेवलेल्या नोंदींवरून माझे मत असे झाले आहे की, पाने काढण्याचा निर्णय कॅलेंडरवरून किंवा झाड दाटीचे दिसते म्हणून घेऊ नये. तो दोन गोष्टी पाहून घ्यावा : पिकू लागलेला सर्वांत खालचा घोस कुठे आहे (पाने त्याच्या खालचीच काढायची), आणि पानापर्यंत प्रत्यक्षात किती प्रकाश पोहोचतो.

मांडणी थोडक्यात सांगतो. कोथरूडमधील फ्लॅटच्या आतल्या खोलीत, आतून परावर्तक कापड असलेल्या टेंटमध्ये, कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) पिशव्यांवर ठिबकने खतपाणी देऊन ही झाडे वाढवली आहेत. वर पांढऱ्या प्रकाशाचा एलईडी आहे आणि तो रोज १६ तास चालतो. शेंड्याच्या पातळीवर प्रति चौरस मीटर दर सेकंदाला सुमारे ४०० मायक्रोमोल (झाडाला वापरता येणारा प्रकाश मोजण्याचे एकक) प्रकाश मिळतो, म्हणजे दिवसाकाठी प्रति चौरस मीटर २३ मोल. टोमॅटोला हे चालते, पण पुण्यातील निरभ्र उन्हाळी दिवशी गच्चीवर याच्या सुमारे दुप्पट प्रकाश पडतो, हे विसरता कामा नये. दिवा २४ तास सुरू ठेवून ही तूट भरून काढण्याचा मोह टाळावा, कारण अखंड प्रकाशात टोमॅटोची पाने पिवळी पडतात. वाण दोन आहेत : बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचा अर्का रक्षक आणि अमर्याद वाढीचा, म्हणजे शेंडा सतत वाढत राहणारा, एक चेरी टोमॅटो.

पहिला घोस धरेपर्यंत दोन्ही वाणांचे एकही निरोगी पान काढले नाही. अपवाद केवळ कोकोपीटला टेकणाऱ्या सर्वांत खालच्या पानांचा, कारण ठिबकचे पाणी उडून ती सतत ओली राहतात आणि करप्याची सुरुवात बहुधा तेथूनच होते. लहान झाडाजवळ पाने हेच भांडवल असते. या वयात काढलेले प्रत्येक पान मुळांची आणि खोडाची वाढ मागे ढकलते, आणि त्याची भरपाई पुढे लवकर होत नाही.

खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. अमर्याद वाढीच्या टोमॅटोत साधारणपणे दर तीन पानांनंतर एक घोस येतो आणि उबदार वातावरणात, झाड जोमात असताना, आठवड्याला जवळपास तीन नवी पाने उलगडतात. हरितगृहातील व्यावसायिक लागवडीत एका खोडावर १५ ते १८ पाने राखण्याची पद्धत यावरच बेतलेली आहे : वर जितकी पाने आली तितकीच खालून काढायची, म्हणजे जमाखर्च जुळतो आणि पानांचा साठा कायम राहतो. पानांचे एकूण क्षेत्रफळ जमिनीच्या क्षेत्रफळाच्या सुमारे तिप्पट असले की वरून येणाऱ्या प्रकाशातील जवळपास ९० टक्के भाग अडवला जातो. त्यापुढे पाने वाढवून हाती फारसे काही लागत नाही. उलट त्याखाली गेल्यास प्रकाश जमिनीवर पडून वाया जातो, आणि आपण तर त्या प्रकाशाचे वीजबिल भरत असतो.

घरातील दिव्याखाली हा हिशेब शेतापेक्षा थोडा वेगळा पडतो, आणि त्याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. सूर्य दिवसभर सरकतो, ढगांमुळे प्रकाश विखुरतो, आणि त्यामुळे खालच्या पानांनाही कधी ना कधी तिरपा उजेड मिळतो. दिवा मात्र एका जागी असतो, आणि टेंटच्या भिंतींवरून परतणारा प्रकाश वगळला तर वरच्या पानाच्या सावलीतील पान पूर्ण दिवस सावलीतच राहते. म्हणून मी मोबाइलवरील लक्समापक (उजेड लक्स या एककात मोजणारे अ‍ॅप) पानाच्या पातळीवर धरून नोंद ठेवतो. मोबाइलचा सेन्सर अचूक नसतो, परंतु वरच्या आणि खालच्या पानातील फरक कळण्यास तो पुरतो. पांढऱ्या एलईडीसाठी १,००० लक्स म्हणजे ढोबळमानाने १५ मायक्रोमोल. इतक्या प्रकाशात टोमॅटोचे पान श्वसनात जेवढे खर्च करते तेवढेच जेमतेम कमावते. माझ्या चेरीच्या झाडांवर पंधराव्या-सोळाव्या पानाखाली १,५०० लक्ससुद्धा क्वचितच मिळतात. वरील १५ ते १८ चा आकडा दिव्याखालीही बऱ्याच अंशी लागू पडतो तो यामुळे. दिवा कमकुवत असेल तर हा आकडा थोडा खाली येतो.

येथे एका प्रचलित समजाबद्दल लिहिणे आवश्यक वाटते. 'खालची पाने झाडाचे अन्न खातात, म्हणून ती काढावीत', असे वारंवार सांगितले जाते. पूर्ण वाढलेले पान एकदा साखर बाहेर पाठवू लागले की ते पुन्हा दुसऱ्या पानांकडून साखर ओढून घेण्याच्या स्थितीत सहसा येत नाही. कमाई संपली तर ते म्हातारे होते, पिवळे पडते, आणि त्या प्रवासात आपल्यातील नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश व मॅग्नेशियम नव्या वाढीकडे परत पाठवते. हिरवेगार पान काढले तर हा परतावा बुडतो. तेव्हा खालची पाने काढण्याचे कारण ती 'खादाड' असणे हे नसून हवा खेळती राहणे, रोग-किडीचा साठा बाहेर जाणे आणि घोस तोडणीला मोकळे होणे, हे आहे. कारण एवढेच असेल, तर घाईने आणि मोठ्या प्रमाणात पाने काढण्याची गरज उरत नाही.

श्रावणात हवेचा मुद्दा फार जाणवला. बाहेरच हवा इतकी दमट असते की पंखा लावून खोलीतील आर्द्रता खाली आणणे कठीण जाते, आणि बंद टेंटमध्ये पानेच दिवसभर बाष्प सोडत असतात. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर रेंगाळली की पानांवर वरून फिकट पिवळे ठिपके आणि खालून ऑलिव्ह रंगाची मखमली बुरशी दिसू लागते. त्या काळात मी पिकू लागलेल्या घोसाची वाट न पाहता, सर्वांत खालच्या घोसाखालील पाने दर आठवड्याला दोन-दोन करून काढली आणि लहान पंखा खोडाच्या पायथ्याकडे वळवला. बुरशी चेरीच्या काही जुन्या पानांपुरती राहिली, वर चढली नाही. यातील किती श्रेय पानांना आणि किती पंख्याला, हे वेगळे काढता येणार नाही. पण पावसाळ्यात नियम थोडा सैल करावा आणि हिवाळ्यात पुन्हा आवळावा, असे माझे मत झाले आहे.

हिवाळ्यात आवळण्याचे कारण तापमान. डिसेंबरमध्ये पुण्यातील रात्री गारठतात, आणि दिवा बंद असताना खोलीही थंड होते. नवी पाने उलगडण्याचा वेग तापमानावर अवलंबून असल्यामुळे तो या दिवसांत स्पष्टपणे मंदावतो. सवयीने आठवड्याला तीन पाने काढत राहिल्यास झाड नकळत बारा-तेरा पानांवर येते. म्हणून शेंड्याखालच्या एका पानाच्या देठाला दर रविवारी रंगीत धागा बांधतो आणि पुढील रविवारी त्याच्या वर किती पाने उलगडली ते मोजतो. तितकीच खालून निघतात; एकच आले असेल तर एकच.

चेरीच्या दोन झाडांवर मुद्दाम फरक करून पाहिला. एकावर वरील पद्धत पाळली. दुसऱ्यावर, खालचा घोस रंग धरू लागताच, त्याखालचीच नव्हे तर वरच्या दोन घोसांच्या शेजारची पानेही एकाच वेळी काढली आणि खोडावर दहाच्या आसपास पाने ठेवली. पुढच्या काही दिवसांत दुसऱ्या झाडाच्या पिशवीतून निचरा बराच वाढला, कारण पानेच कमी झाल्याने बाष्पोत्सर्जन घटले होते आणि ठिबकचे प्रमाण मात्र तेच होते. त्यानंतर त्याच झाडावर पिकणारी फळे तडकली. मुळांनी ढकललेले पाणी पानांवाटे बाहेर पडले नाही की ते फळात शिरते आणि साल ताणली जाते, हे कारण येथे लागू पडते असे वाटते. त्याच्या वरच्या दोन घोसांची फळेही पहिल्या झाडापेक्षा लहान राहिली. घोसाला मिळणारे अन्न मुख्यतः त्याच्या आसपासच्या पानांतून येते, त्यामुळे याचे आश्चर्य वाटले नाही. दोन झाडांवरून नियम करता येत नाही, हे मान्य. तरीही एका वेळी तीनपेक्षा अधिक पाने काढू नयेत, आणि काढल्यास त्याच दिवशी पाणी थोडे कमी करावे, एवढे मी यापुढे पाळणार आहे.

फळ लाल होण्यासाठी त्याला थेट उजेड हवा, हाही समज या निमित्ताने तपासून घ्यावा. पूर्ण वाढ झालेले हिरवे टोमॅटो अंधाऱ्या खोलीत टोपलीत ठेवले तरी पिकतात, हे नारायणगावच्या बाजारात माल पाठवणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असते. पिकणे हे इथिलीन (फळातूनच सुटणारा वायू) आणि तापमानावर चालते. तापमान ३० अंशांच्या वर टिकून राहिले तर लाल रंगद्रव्य नीट तयार होत नाही आणि फळ पिवळट-नारिंगी राहते. ऑक्टोबरच्या उकाड्यात टेंटमधील फळे फिकट राहिली, तेव्हा पाने न काढता दिव्याचे तास रात्रीकडे सरकवले, आणि पुढील घोसांचा रंग सुधारला.

अर्का रक्षकबद्दल वेगळे लिहिणे भाग आहे. तो अर्धमर्यादित वाढीचा आहे. त्याची वाढ काही काळाने आपोआप आवरते आणि नवी पाने येणे मंदावते. जमा होणेच थांबले की खर्चही थांबवावा लागतो. त्यामुळे जमिनीलगतची व रोगट पाने सोडून त्याचे काहीही काढत नाही. पूर्ण मर्यादित वाढीच्या वाणांना तर हे अधिकच लागू. ढोबळी मिरचीलाही हा सगळा आकड्यांचा खेळ लावू नये. तिची पाने लहान, वाढ संथ, आणि फळावरील सावली तिला मानवते.

परदेशात दिव्याखाली भांगेची झाडे लावणारे लोक पानांची मोठी विरळणी करतात आणि त्यांची वेळापत्रके आपल्याकडेही टोमॅटो-मिरचीसाठी उचलली जातात. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार ती लागवड परवान्याशिवाय गुन्हा आहे, हा भाग वेगळाच. पण शेतीच्या दृष्टीनेही ती तुलना टिकत नाही. तेथे पीक म्हणजे फूल, आणि ते एकदाच, एकाच वेळी कापले जाते. टोमॅटो महिनोन्महिने फळे भरत राहतो, आणि प्रत्येक फळ म्हणजे पाणी व साखर मागणारे एक नवे तोंड. आपल्याला जवळचे उदाहरण हवे असेल तर ते द्राक्षबागायतदारांचे घ्यावे. घडामागे किती पाने राहिली म्हणजे मणी नीट भरतील, याचा ते विचार करतात, आणि पाने काढायची ती घडाभोवती हवा खेळावी इतकीच.

काढण्याची पद्धत सोपी आहे, तरी तिच्यात चुका सर्रास होतात. दिवा लागल्यानंतर लवकर, पान ताठ असताना, देठ खोडाजवळ धरून आधी वर आणि मग खाली दाबावा. तो सांध्यातून स्वच्छ तुटतो आणि जखम दिवा बंद होण्यापूर्वी वाळते. कात्रीने कापताना खुंट राहतो आणि बुरशीला तो आयताच मिळतो. हात आधी साबणाने धुवावेत, आणि घरात कोणी तंबाखू हाताळत असेल तर विशेष काळजी घ्यावी, कारण तंबाखूवरील मोझॅक विषाणू हातांवाटे टोमॅटोवर येतो. स्किम्ड दुधात बोटे बुडवून काम करण्याची जुनी युक्ती याच विषाणूसाठी आहे आणि ती उपयोगी पडते. काढलेली पाने लगेच पिशवीत बंद करून खोलीबाहेर न्यावीत. पांढऱ्या माशीची पिल्ले जुन्या पानांच्या खालच्या बाजूलाच चिकटलेली असतात.

दोन लक्षणे पाहून पाने काढू नयेत. जुनी पाने वरच्या बाजूला वळून कडक झाली, तर ते बहुधा फळे कमी आणि साखर जास्त झाल्याचे चिन्ह असते. पान रोगट नसते. शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडला, तर मॅग्नेशियमची उणीव तपासावी. पान काढल्याने लक्षण नाहीसे होते, उणीव तशीच राहते आणि पुढच्या पानावर दिसते. माझ्या चेरीवर हे कार्तिकात दिसले. मॅग्नेशियम सल्फेटची फवारणी केल्यावर नवी पाने स्वच्छ आली. जुनी तशीच पिवळट राहिली, आणि पाळीनुसारच निघाली.

सध्या चेरीचे शेंडे वरच्या तारेला पोहोचले आहेत. खोड खाली उतरवून आडवे करण्याइतकी जागा टेंटमध्ये नसल्यामुळे शेवटच्या घोसावर दोन पाने ठेवून शेंडा खुडायचा आहे. त्यानंतर नवी पाने येणार नाहीत, म्हणून त्या दिवसापासून खालच्या पानांची नियमित काढणी बंद होईल. रोगट पान आणि ज्या घोसाची तोडणी पूर्ण झाली त्याखालचे पान, एवढेच निघेल. फूल उमलल्यापासून फळ पिकायला साधारण दीड ते दोन महिने लागतात. हा घोस फाल्गुनापर्यंत निघाला, तर पुढची नोंद त्याच्या फळांच्या वजनासह देईन.