न्यू जर्सीहून कॅलिफोर्नियात: लेखी परीक्षेचा माझा अनुभव

न्यू जर्सीच्या टर्नपाइकवर कितीही वर्षं गाडी हाकलेली असो, कॅलिफोर्नियात राहायला आलात की ड्रायव्हिंग लायसन्सची लेखी परीक्षा चुकत नाही. दुसऱ्या राज्याचं मुदतीतलं लायसन्स असेल तर प्रत्यक्ष गाडी चालवून दाखवायची परीक्षा सहसा माफ होते, लेखी नाही. भारतातलंच लायसन्स असेल तर दोन्ही द्याव्या लागतात. नियमाप्रमाणे वास्तव्य सुरू झाल्यापासून १० दिवसांत लायसन्स आणि २० दिवसांत गाडीची नोंदणी करायची असते. डीएमव्हीची (लायसन्स आणि गाड्यांची नोंदणी पाहणाऱ्या राज्याच्या खात्याची) अपॉइंटमेंट मात्र कधीकधी त्याच्याही पुढची मिळते, तेव्हा घराचा करार झाला की सामान उघडायच्या आधी ऑनलाइन अर्ज भरून टाका.

परीक्षेपेक्षा कागद जास्त नडतात, आणि त्यातही आपल्याकडची नावं. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं, आडनाव वेगळं. आय-९४ (अमेरिकेत आल्याची सरकारी नोंद) वरही तसंच येतं. जुन्या राज्याच्या लायसन्सवर वडिलांचं नाव कुणीतरी मधल्या नावात टाकलेलं असतं, किंवा फक्त आद्याक्षर ठेवलेलं असतं. सोशल सिक्युरिटी कार्डावर (सरकारी ओळख क्रमांकाच्या कार्डावर) तिसराच प्रकार. माणसाला हे सगळं एकच वाटतं, संगणकाला नाही. डीएमव्ही व्हिसावाल्यांची माहिती केंद्र सरकारच्या यंत्रणेकडून पडताळून घेते आणि नाव किंवा जन्मतारीख जुळली नाही की अर्ज तिथेच अडकतो. म्हणून अर्जात नाव पासपोर्ट आणि आय-९४ वर जसं आहे तसंच, त्याच क्रमाने भरा; जुन्या लायसन्सवर पाहून भरू नका. आय-९४ ची ताजी प्रत छापून घ्या. भारतात जाऊन आला असाल तर जुनी प्रत चालत नाही. लग्नानंतर काही कागदांवर नाव बदललं असेल आणि काहींवर नसेल, तर लग्नाचा दाखला सोबत हवाच.

पत्त्याचे पुरावे रिअल आयडीसाठी (विमानतळावर ओळखपत्र म्हणून चालणाऱ्या लायसन्ससाठी) दोन लागतात. भाडेकरार चालतो, पण त्यावर घरमालक आणि भाडेकरू दोघांच्याही सह्या हव्यात. विजेचं बिल, बँकेचं स्टेटमेंट हेही चालतं. पीओ बॉक्स चालत नाही. कंपनीने दिलेल्या तात्पुरत्या घरात राहणाऱ्यांची इथे पंचाईत होते, कारण कुठलंच बिल त्यांच्या नावावर नसतं. अशा वेळी पहिल्याच दिवशी बँकेत पत्ता बदलून नवीन स्टेटमेंट काढणं सगळ्यात सोपं. एच-४ वर (एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर) असलेल्या जोडीदाराचं नाव करारात नसेल तर लग्नाचा दाखला दाखवून नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नावावरचा पुरावा वापरता येतो. सोशल सिक्युरिटी क्रमांक मिळायला पात्र नसाल तरी अर्ज करता येतो. सगळे कागद आधी अपलोड करता येतात, तरी मूळ प्रती न्याव्याच लागतात.

कार्यालयात अंगठ्याचा ठसा, फोटो आणि डोळ्यांची तपासणी होते. दृष्टी २०/४० लागते. चष्मा घरी विसरू नका. लेखी परीक्षा दुपारी साडेचारनंतर सुरू करू देत नाहीत, त्यामुळे उशिराची अपॉइंटमेंट घेऊन रांगेत अडकलात तर फेरी फुकट. बुधवारी बहुतेक कार्यालयं आठऐवजी नऊला उघडतात.

परीक्षा टचस्क्रीनवर. अठराच्या वरच्यांना ३६ प्रश्न, ३० बरोबर हवेत. म्हणजे सहा चुकले तरी चालतं, सातवा चुकला की नापास. न्यू जर्सीत ५० पैकी ४० लागतात, त्यामानाने इथे चुकायला जागा कमी. एका अर्जात तीन संधी मिळतात. मोबाइल किंवा डीएमव्हीचं नियमांचं हँडबुक उघडलेलं दिसलं तर सरळ नापास करतात. मराठीत परीक्षा नाही.

आता अभ्यास. वर्षानुवर्षं गाडी चालवणारे ‘आपल्याला येतंच’ म्हणून जातात आणि आकड्यांवर पडतात. हँडबुक पहिल्या पानापासून पाठ करायची गरज नाही. लाल सिग्नल, स्टॉपचा बोर्ड, सिग्नल बंद पडला तर चौकात सगळ्यांनी थांबायचं, हे न्यू जर्सीतही तसंच आहे. पेन्सिल घेऊन बसावं आणि आपल्या जुन्या राज्याहून जे वेगळं दिसेल तेवढ्यावरच खूण करावी. न्यू जर्सीवाल्यांसाठी माझ्या खुणा अशा होत्या. गाडी लावताना फायर हायड्रंटपासून (आग विझवायच्या नळापासून) तिथे १० फूट, इथे १५. तिथे क्रॉसवॉकपासून (पादचाऱ्यांनी रस्ता ओलांडायच्या जागेपासून) २५ फूट. इथे १ जानेवारी २०२५ पासून क्रॉसवॉकच्या अलीकडच्या बाजूला २० फुटांच्या आत गाडी लावायची नाही, पट्टे रंगवलेले असोत वा नसोत. लाल दिव्यावर एकेरी रस्त्यावरून एकेरी रस्त्यावर डावीकडे वळता येतं, थांबून आणि बोर्ड मनाई करत नसेल तर. न्यू जर्सीत हे चालतच नाही. मोटारसायकलवाले दोन लेनच्या मधून जातात आणि ते इथे कायदेशीर आहे. अपघातात कुणाला लागलं किंवा १००० डॉलरच्या वर नुकसान झालं तर १० दिवसांत डीएमव्हीला एसआर-१ हा अपघाताच्या माहितीचा फॉर्म द्यायचा, पोलिसांनी नोंद केली असली तरीही. न्यू जर्सीत पेट्रोलसुद्धा दुसराच भरून देतो, इथे उतरून स्वतः भरा. हे मात्र परीक्षेत विचारत नाहीत.

वेगमर्यादेत ताशी १५ मैलांचा आकडा नीट समजून घ्या, कारण ३५, ४५ आपण बोर्ड बघून चालवतो आणि १५ ला बऱ्याचदा बोर्डच नसतो. गल्लीत १५. ज्या चौकात शेवटच्या १०० फुटांत दोन्ही बाजूंचं १०० फूट दिसत नाही आणि थांबायची पाटीही नाही, तिथे १५. रेल्वे फाटकाजवळ रुळांवर दोन्हीकडे ४०० फूट दिसत नसेल तिथे १५. आता दिवे: समोरून गाडी येताना हाय बीम (दिव्याचा लांबचा झोत) ५०० फुटांवर कमी करायचा आणि पुढच्या गाडीच्या मागे असताना ३०० फुटांवर. हे दोन आकडे हमखास उलटे होतात. लक्षात ठेवायचं तर कारण पकडा: समोरची गाडी तुमच्याकडेच येत असते, अंतर झपाट्याने कमी होतं, म्हणून तिथला आकडा मोठा.

सगळ्यात जास्त गोंधळ उतारावरच्या पार्किंगचा. न्यू जर्सीत सपाटीवर राहिलेल्यांना याची सवय नसते, आणि सॅन फ्रान्सिस्कोत तर ३ टक्क्यांपेक्षा जास्त चढ असला की चाकं वळवून ठेवणं सक्तीचं आहे. उतारावर तोंड असेल तर चाकं कर्बकडे (फुटपाथच्या कडेकडे), म्हणजे उजवीकडे. चढावर तोंड आणि कर्ब असेल तर चाकं डावीकडे, आणि गाडी हळूच मागे सोडायची, पुढच्या चाकाची मागची बाजू कर्बला टेकेपर्यंत. कर्ब नसेल तर चढ असो वा उतार, चाकं उजवीकडे. पाठ करण्यापेक्षा ब्रेक सुटला अशी कल्पना करा. घरंगळणारी गाडी कर्बला अडली पाहिजे, आणि कर्ब नसेल तर रस्त्यात न येता बाहेरच्या बाजूला गेली पाहिजे. प्रश्न कसाही फिरवून विचारला तरी उत्तर यातूनच निघतं.

कर्बचे रंगही एकदा डोळ्यांखालून घाला. पांढऱ्यावर फक्त माणसं चढवा-उतरवायला थांबायचं, हिरव्यावर ठरावीक वेळ, पिवळ्यावर माल किंवा माणसं चढवण्या-उतरवण्यापुरतं, निळा अपंगांसाठी, लालवर थांबायचंच नाही. रक्तातल्या दारूच्या टक्केवारीचे आकडे तीन आहेत, तेवढी किंवा जास्त निघाली की गुन्हा: २१ वर्षांवरील चालकाला ०.०८, त्याखालच्याला ०.०१, आणि भाड्याने प्रवासी नेणाऱ्याला ०.०४. टॅक्सी चालवत नाही म्हणून शेवटचा सोडू नका.

पास झालात की जुनं लायसन्स जमा करून घेतात आणि हातात कागदी तात्पुरतं लायसन्स येतं. खुर्चीवरून उठायच्या आधी त्यावरचं नाव आणि घराचा पत्ता अक्षर अन् अक्षर वाचा. पक्कं कार्ड पोस्टाने येतं आणि अपार्टमेंटचा क्रमांक गळला असेल तर ते परत जातं. व्हिसावाल्यांच्या लायसन्सची मुदत त्यांच्या वास्तव्याच्या परवानगीइतकीच असते, त्यामुळे एच-१बी ची मुदतवाढ जवळ आली असेल तर ती हातात आल्यावरच अपॉइंटमेंट घेतलेली बरी. नाहीतर काही महिन्यांतच पुन्हा तीच रांग. आणि तो तात्पुरता कागद विमानतळावर ओळखपत्र म्हणून चालत नाही. कार्ड येईपर्यंत देशांतर्गत प्रवासालाही पासपोर्ट न्या.