अर्ज

रविवारी सकाळी पोहे-जिलबी घेऊन आलो, पुड्या सोडून ताटल्या मांडतोय तोच आतून बाबांची हाक आली, "अरे, हा आज उठतच नाहीये!"

'हा' म्हणजे २००६ साली घेतलेला आमचा कॉम्प्युटर. इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरात तो कोपऱ्यात बसलेला असतो, अंगावर आईनं शिवलेलं फुलाफुलांचं झाकण. बाबा सरकारी कचेरीतून निवृत्त झाले आणि त्याच्यासमोर बसले. घराण्याची वंशावळ, नातलगांचे पत्ते, गणेशोत्सवाचे हिशेब, सगळं त्याच्या पोटात. घरात नवा लॅपटॉप आहे, पण बाबांचं टायपिंग युनिकोडच्या आधीच्या फॉन्टातलं. त्या फाइली लॅपटॉपवर उघडल्या की खापरपणजोबांच्या जागी इंग्रजी अक्षरं, अर्धविराम आणि डॉलरची चिन्हं दिसतात. कॉम्प्युटर गेला तर पाच पिढ्या वाचता येणार नाहीत, अशी ही भानगड.

पहिला संशय भिंतीवर. सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावला, तो चालला. मग वायरवर. मॉनिटरची आणि कॅबिनेटची वायर एकाच जातीची असते, म्हणून अदलाबदल केली; फरक शून्य. मागे एसएमपीएसचा, म्हणजे आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्याचा, छोटा स्विच असतो, तो केरसुणीच्या धक्क्यानं बंद झाला असेल म्हणून पाहिला. आईनं "सगळं माझ्याच केरसुणीवर ढकला" म्हणून फणकारा टाकला. स्विच चालूच होता.

ओळखीच्या कारागिराला फोन केला. त्यानं न बघताच निकाल दिला, "भिया, सप्लाय उड़ गई. सिल्वर मॉल से नई डलवा लो, नहीं तो पूरा ही बदल दो."

पोहे गार झाले होते. पेचकस काढला आणि कॅबिनेटचं एका बाजूचं पान उतरवलं. आत धुळीचा असा थर की दिवाळीच्या साफसफाईत हा माणूस दरवर्षी सुटला होता हे उघड झालं. पण त्या धुळीतून मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य पाटीवर, एक हिरवा दिवा लुकलुक न करता शांत जळत होता.

इथे मी थबकलो. आपल्याला वाटतं, पुढचं बटण म्हणजे पंख्याच्या बटणासारखंच. दाबलं की वीज सुरू. जुन्या कॉम्प्युटरमध्ये तसंच असायचं. १९९५ मध्ये इंटेलनं एटीएक्स ही मांडणी आणली, त्यानंतर ते बदललं. प्लग लावलेला असेल तर एसएमपीएस २३० व्होल्टमधून ५ व्होल्टची एक बारीक धार जांभळ्या वायरीतून सतत सोडत असतो. कॉम्प्युटर बंद दिसला तरी तेवढ्यावर मदरबोर्ड जागा राहतो. बटण फक्त त्याला कळवतं. मग मदरबोर्ड हिरव्या वायरीतला व्होल्टेज शून्याकडे ओढतो आणि १२, ५, ३.३ व्होल्टचा खरा पुरवठा सुरू होतो.

हे बाबांना समजावताना मीच अडखळत होतो. त्यांनी मध्येच थांबवलं. "म्हणजे बटण हा हुकूम नाही, अर्ज आहे."

पस्तीस वर्षं फाइली हलवलेला माणूस. माझ्या आधी पोचला.

एसएमपीएस तपासायची जुनी युक्ती आहे: प्लग काढायचा, मोठ्या जोडणीतली हिरवी आणि काळी वायर कागदाच्या पिनेनं जोडायची, मग प्लग लावायचा. ते केलं. त्याचा पंखा घुमला. (त्याचा स्वतःचा डबा मात्र उघडू नये, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरलेला असतो.) सप्लाय जिवंत, बोर्ड जागा.

"मग अर्ज अडला कुठं?" बाबा.

जोडणी परत जागेवर लावली. पुढच्या बटणाची वायर बोर्डवरच्या ज्या दोन पिनांवर बसते, ती उपटली आणि पेचकसाचं टोक त्या दोन पिनांना क्षणभर टेकवलं. घर्रर्र. पंखे फिरले, बीप वाजला. बोर्डवरच्या घड्याळाचा सेल संपल्यामुळे पडद्यावरची तारीख कुठल्या तरी १ जानेवारीची होती, पण वंशावळ शाबूत.

"आवक खिडकीवरच!" बाबा खुशीत ओरडले. "वर सगळे साहेब हजर, आणि खिडकीतला बाबू झोपलेला!"

एवढी वर्षं दाबून दाबून बटणाच्या आतली पट्टी बसली होती. नवीन आणायला आज कोण जातंय? शेजारी रीसेटचं बटण होतं, वर्षानुवर्षं हात न लागलेलं. काम तेच, दोन पिना क्षणभर जोडायच्या. त्याचीच वायर काढून त्या पिनांवर चढवली.

आता कॉम्प्युटर रीसेटनं सुरू होतो. संध्याकाळी पाहिलं, तर त्या बटणाखाली पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर बाबांच्या वळणदार अक्षरात एकच शब्द: 'आवक'.