सोडत का नाहीस?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. एकदाचं लिहून टाकतो, म्हणजे दर वेळी नव्याने बाजू मांडायला नको.

गे मित्र विचारतात, ज्या चर्चला तू नकोसा आहेस ते सोडत का नाहीस? चर्चमधले विचारतात, कॅथलिक म्हणवतोस, मग ज्या पुरुषासोबत राहतोस त्याला सोडत का नाहीस? एरवी एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या या दोघांचं, मी काहीतरी सोडावं यावर मात्र एकमत आहे.

कॅटेकिझमचे, म्हणजे चर्चच्या अधिकृत शिकवणुकीच्या पुस्तकातले, समलैंगिकतेवरचे 2357 ते 2359 हे परिच्छेद कृपा करून पाठवू नका. पाठ आहेत. पोप फ्रान्सिस 2013 मध्ये विमानात म्हणाले ते ‘न्याय करणारा मी कोण?’ हेही नको. ते बोलले होते देवाला शोधणाऱ्या, मनाने चांगल्या असलेल्या गे माणसाबद्दल. तेवढं गाळून तुम्ही पुढचं पाठवता, आणि माझा सगळा जीव त्या गाळलेल्या भागात अडकलेला.

कन्फेशनचं, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करण्याचं, सांगतो, कारण खरं उत्तर तिथेच कुठेतरी आहे.

नेहमीची यादी झाली होती. राग, आईशी खोटं बोलणं, चुकवलेले मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना. फादरांनी विचारलं, “आणखी काही?” तिथे गप्प बसायची मला वर्षानुवर्षांची सवय. त्या दिवशी बोललो. एक माणूस आहे, आम्ही एकत्र राहतो. ते ओरडले नाहीत. “याचा पश्चात्ताप होतो का?” एवढंच विचारलं. हो म्हटलं असतं तर दोन मिनिटांत बाहेर आलो असतो. मी म्हणालो, “फादर, भांडताना त्याला जे बोलतो त्याचा होतो. तो आयुष्यात आहे याचा होत नाही.”

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, पश्चात्ताप नाही, पुन्हा न करण्याचा निश्चय नाही, तर मी पापमुक्ती देऊ शकत नाही. मी विचारलं, निदान बाकीच्या पापांची? तशी तुकड्यातुकड्याने मिळत नाही, म्हणाले. ते मलाही माहीत होतं, तरी विचारलं. शेवटी त्यांनी त्याचं नाव विचारलं, प्रार्थनेत घेण्यासाठी. मी सांगितलं नाही. का, ते आजही कळत नाही. आमचं नातं त्यांच्या प्रार्थनेत ‘सुटका होऊ दे’ अशा अर्थाने जाईल, या भीतीने असेल. ते खोटं बोलले नाहीत, मीही बोललो नाही, आणि तरी मी पाप घेऊनच उठलो. चिडावं कुणावर?

“पापमुक्ती नाही, मग कम्युनियन, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर, घेतोस का?” हा तुमचा पुढचा प्रश्न. कधी घेतो, कधी बाकावर बसून राहतो. सदसद्विवेकबुद्धीचा निश्चित कौल पाळलाच पाहिजे, असं कॅटेकिझमच 1790 मध्ये सांगतं. ती बुद्धी चुकू शकते, हेही तिथेच लिहिलंय. माझा कौल निश्चित आहे का? काही रविवारी असतो.

विशीतला मी याला पळवाट म्हणाला असता. त्याने ब्रह्मचर्य हेच आपल्याला आलेलं देवाचं पाचारण मानलं होतं, आणि ते पाळलंही. मी त्याला म्हणतो, तू शुद्ध नव्हतास, घाबरलेला होतास. तो म्हणतो, आणि तू दमलेला आहेस. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

आमचं लग्न लावून देणारी दुसरी चर्चेस आहेत, ठाऊक आहे. पण त्या भाकरीत ख्रिस्त आहे हे मी इथे शिकलो आणि मानतो. सोयीचं दार दिसलं म्हणून श्रद्धा उचलून तिकडे नेता येत नाही, निदान मला नाही.

राहिला आशीर्वाद. 2021 मध्ये व्हॅटिकनने सांगितलं, अशा नात्याला आशीर्वाद देता येत नाही. डिसेंबर 2023 मध्ये सांगितलं, जोडप्याला देता येईल, पण नात्याला मान्यता म्हणून नाही, विधी म्हणून तर नाहीच. पुढच्याच महिन्यात खुलासा आला की हे 10-15 सेकंदांचं काम आहे. मी खूप हसलो. नंतर घड्याळ लावून पाहिलं, 15 सेकंद काही कमी नसतात.

आम्ही अजून मागितलेला नाही. त्याचा देवावर विश्वास नाही, तरी तोच म्हणतो, “माग की.” मी म्हणतो, “पापमुक्ती नाकारलेल्याने आशीर्वादासाठी हात का पसरावा?” तो म्हणतो, “हा गर्व झाला. पुढच्या वेळी हाही यादीत घाल.”