लाराचे तीन अपघात

जळगाव. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, दुसरा दिवस, रात्र.

काल घागर भरली, खापरावरच्या पुरणपोळ्या झाल्या, आमरस झाला, आणि आज सगळे घर सुस्तावून पडले असताना पुण्याहून आलेली माझी भाची तेवढी वहीत डोके खुपसून लिहीत बसली होती. बाहेर ऊन असे होते की पंख्याखालीही भट्टीजवळ बसल्यासारखे वाटत होते. आईने दोनदा "काय लिखी ऱ्हायनी व माय?" म्हणून विचारले आणि दोन्ही वेळा तिला "गोष्ट, आजी" एवढेच उत्तर मिळाले. तिसऱ्यांदा मी विचारले, तेव्हा पोरीने काही न बोलता वही माझ्या हातात दिली. गोष्ट लारा क्रॉफ्टची होती, 'टूम्ब रेडर' या गेमच्या नायिकेची. चाहते मूळ पात्र घेऊन त्याचे आयुष्य एखाद्या वळणावर बदलतात आणि पुढची गोष्ट स्वतः लिहितात, त्या जातीचे हे लेखन. भाची असे लेखन भरपूर वाचते, आणि कुणाची लारा खरी वाटते व कुणाची उसनी, यावर तिची ठाम मते आहेत. माझीही आहेत, हे तिला आज कळले.

माझी आणि लाराची ओळख भुसावळच्या एका सायबर कॅफेतली. साल 2000 असावे. बारावीच्या क्लासचे पैसे वाचवून मी तासाच्या हिशेबाने तिथे बसत असे आणि कॅफेचे दादा, पोरगी गेम खेळते याचे नवल वाटून, शेवटची पाच मिनिटे फुकट देत. तिथे 1998 चा तिसरा भाग होता, आणि तो सुरूच होतो भारतातल्या जंगलात: घसरणीचा उतार, तळाशी सुळे, झाडीत वाघ, औषधाची पेटी पळवणारी माकडे. पुढे पडक्या देवळात सहा हातांच्या मूर्ती तलवारी घेऊन अंगावर येतात. आपल्याकडच्या देवळात असे काही होत नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होते. तरीही राग आला नाही, कारण त्या देवळात लारा पूर्णपणे एकटी होती. तिच्या पावलांचा आवाज आणि मधूनच पाण्याचा, बाकी काही नाही. रेल्वे क्वार्टरच्या दोन खोल्यांत सात माणसांत वाढलेल्या मुलीला त्या एकटेपणाची केवढी चैन वाटली असेल, हे आज लिहितानाही जाणवते.

भाचीची लारा मात्र 2013 च्या गेममधली. ती एकवीस वर्षांची आहे, जहाज फुटून यामाताई बेटावर येऊन पडते, थंडीने कुडकुडते, जखमा बांधते, रडते, मैत्रिणीला शोधते, आणि पिस्तुलांच्या जोडीपेक्षा तिच्या हातात धनुष्य जास्त शोभते. या दोघी एकच का, यावर आमचा वाद दुपारी दोनला सुरू झाला आणि चहा होईपर्यंत चालला.

वाद घालताना माझ्या असे लक्षात आले की चाहत्यांवर लाराचे आयुष्य मनासारखे बदलल्याचा ठपका ठेवायला जागाच नाही, कारण बनवणाऱ्यांनीच ते आधी बदलून ठेवले आहे. 1996 मध्ये इंग्लंडातल्या डर्बी शहरातल्या कोअर डिझाइन या कंपनीने पहिला गेम काढला, तेव्हा सोबतच्या पुस्तिकेत तिची हकीकत दिलेली होती. एकवीस वर्षांची, खानदानी घरातली ही मुलगी सहलीहून परतत असताना विमान हिमालयात कोसळते, एकटी तीच वाचते, चालत चालत माणसांत येते, आणि मग तिला पूर्वीचे गुळगुळीत आयुष्य नकोसे होते. आईबाप जिवंत असतात. तेच तिला घराबाहेर काढतात. दहा वर्षांनी, 2006 मध्ये, क्रिस्टल डायनॅमिक्स या दुसऱ्या कंपनीने 'लेजेंड' हा गेम काढला आणि त्यात विमान तसेच ठेवून मुलीला नऊ वर्षांची केले. आता आई सोबत आहे आणि नेपाळमधल्या एका मंदिरात ती डोळ्यांदेखत नाहीशी होते. नऊ वर्षांची पोर दहा दिवस एकटी चालत काठमांडूला पोचते. तिसऱ्या वेळी, 2013 मध्ये, विमानच गेले आणि जहाज आले. आईबाप आधीच वारलेले, आणि जगाने वेड्यात काढलेल्या बापाचे ओझे मुलीच्या खांद्यावर.

म्हणजे एकाच मुलीचे तीन अपघात. पहिल्यात ती घर सोडते, दुसऱ्यात घर तिच्या हातून निसटते, तिसऱ्यात सोडायला घरच उरलेले नाही. केस, कपडे, हत्यारे यांवर चाहते जी तुलना करत बसतात (जुनी जाड वेणी बरी की नवा सैल पोनीटेल, निळसर बनियन की चिखलाने माखलेला गंजी) ती मला वरवरची वाटते. चित्रे काढणाऱ्यांना ती लागते हे मान्य. खरा फरक अपघाताच्या वेळी तिचे वय काय होते आणि मागे कोण उरले, यातून निघतो. पहिली लारा कुणाच्या शोधात नाही, म्हणून ती खेळकर आहे. दुसरी आईला शोधते. 2008 च्या 'अंडरवर्ल्ड'मध्ये आई सापडते, पण ती आई उरलेली नसते. आणखी एक गंमत अशी की पहिल्या लाराला घडवणारा टोबी गार्ड पहिल्याच गेमनंतर निघून गेला होता आणि 'लेजेंड'च्या वेळी परत आला. स्वतःच घडवलेल्या मुलीला तो परत भेटला, तेव्हा तिला वेगळे बालपण मिळालेले होते. 2007 मध्ये पहिला गेम नव्याने बनवला, तेव्हा 1996 साली माणसे मारून पापणीही न हलवणारी हीच बाई पहिल्या माणसाला मारल्यावर सुन्न होऊन स्वतःच्या हातांकडे बघू लागली. प्रसंग तोच, पण बाई दुसरी.

चाहत्यांच्या गोष्टींपैकी भाचीने जेवढ्या सांगितल्या आणि मी गेल्या काही वर्षांत जेवढ्या वाचल्या, त्यांत एक लोकप्रिय प्रकार दोन लारांची भेट घडवण्याचा आहे. चाळिशीची जुनी लारा यामाताईच्या किनाऱ्यावर उतरते आणि कुडकुडणाऱ्या पोरीला धीर देते. या गोष्टी मला बहुधा रुचत नाहीत. त्यांत जुनी लारा पाहता पाहता उपदेश करणारी आत्या होते, आणि आत्या काय असते ते मला पुरते ठाऊक आहे. दुसरा प्रकार आई वाचवण्याचा. त्यात विमान पडतच नाही, क्रॉफ्टांच्या वाड्यात सगळे सुखाने नांदतात, आणि लारा तरीही थडग्यांत उतरते. का उतरते, ते लेखक सांगत नाही. जिने काही गमावलेले नाही तिने अंधाऱ्या भुयारात का जावे, या प्रश्नाला जो भिडतो त्याची गोष्ट मी शेवटपर्यंत वाचते. बाकीच्या अर्ध्यावर सोडते. तिसरे लोक सगळ्या लारा एका धाग्यात ओवू पाहतात. 2021 मध्ये, पंचवीस वर्षे पूर्ण झाली तेव्हा, कंपनीनेही जुनी आणि नवी कालरेषा जोडण्याचा मानस जाहीर केला होता. मला त्याचे भय वाटते, कारण एकाच बाईला तीन अपघात सोसायला लावले की त्यातला एकही अपघात अपघात राहत नाही.

संध्याकाळी हे सगळे मी आईला सांगू लागले, आणि तिला ते माझ्यापेक्षा लवकर उमगले. आखाजीला गौराई माहेरी येते आणि शंकर तिला न्यायला येतो, एवढी गोष्ट साऱ्या खानदेशात एकच. पण आईच्या माहेरी, अमळनेरकडे, झोक्यावर म्हणत त्या गाण्यात गौराई वेशीवर मागे वळून बघते, आणि शिरपूरच्या माझ्या काकूच्या गाण्यात ती बघत नाही. लग्न होऊन काकू या घरात आली, तेव्हा यावरून दोघींची पहिली आखाजी थोडी ताणातच गेली होती म्हणे. बाकी गाणे जवळजवळ सारखे. एक ओळ बदलली, आणि एका गावची गौराई रडवी झाली, दुसऱ्या गावची मानी. दोघींनी शंकर बदलला नाही, माहेर बदलले नाही, सासरी जाणे टाळले नाही. चाहत्यांच्या चांगल्या गोष्टीकडून माझी अपेक्षा एवढीच आहे: एकच ओळ बदलावी आणि तिचे पुढे जे होईल ते निमूटपणे सोसावे. म्हणूनच मला लिहिलेल्या गोष्टींपेक्षा चाहत्यांनी रचलेल्या नव्या लेव्हली, म्हणजे गेममधले टप्पे, जवळच्या वाटतात. 2000 मध्ये कंपनीने लेव्हल बनवण्याचे स्वतःचे साधन लोकांच्या हाती दिले आणि तेव्हापासून लोक देवळे, भुयारे, बुडालेली शहरे रचत आले आहेत. त्यांतली लारा बहुतेक वेळा तीच असते, गप्पच असते. बदललेली असते ती तिच्यापुढची वाट. पाटणादेवीच्या मागच्या डोंगरात आणि पितळखोऱ्याच्या लेण्यांत कुणी तिला उतरवले तर बरे होईल, असा विचार माझ्या मनात कितीदा आला आहे. मात्र तिथून तिने काही उचलून नेऊ नये, ही माझी अट राहील.

आता भाचीच्या गोष्टीविषयी, कारण ही नोंद तिच्यासाठीच लिहायला घेतली आहे.

तिने लाराला हात लावलेलाच नाही. तिची गोष्ट विन्स्टनची आहे. विन्स्टन हा वाड्यावरचा म्हातारा बटलर. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागात तो चहाचा ट्रे घेऊन, कपबशा खुळखुळवत, लाराच्या मागे मागे फिरतो. जगभरच्या खेळणाऱ्यांनी त्याला एकच वागणूक दिली: स्वयंपाकघरातल्या शीतगृहाचे बटण दाबायचे, त्याला मागे मागे आत न्यायचे, आणि दार मिटण्याआधी आपण बाहेर सटकायचे. मीही हेच केले होते, भुसावळला, हसत हसत. भाचीने बदललेली ओळ अशी की दार मिटल्यावर लारा भारताच्या प्रवासाला निघून जाते आणि ते दार कुणीच उघडत नाही. विन्स्टन आत बसून चहा गार होताना बघतो आणि कुठल्या अपघातानंतर ती कशी परतली होती ते आठवू लागतो. पण त्याला अपघात तीन आठवतात, वेगवेगळे, आणि आपण म्हातारे झालो म्हणून गोंधळतो की खरोखर तीन मुली या घरात वाढल्या, हे त्याला ठरवता येत नाही. मी तिला विचारले, 'क्रॉनिकल्स' माहीत आहे का तुला? नव्हता. 2000 च्या त्या गेममध्ये लारा मेली असे समजून विन्स्टन आणि तिची जुनी माणसे वाड्यात जमतात आणि तिच्या गोष्टी सांगत बसतात. जे तिने स्वतःच्या मनाने शोधले ते मुळातच पडलेले होते, हे ऐकून ती आधी खट्टू झाली, मग खूश झाली.

शेवट तिला सुचत नव्हता. "आत्या, तू नंतर दार उघडलं होतंस का?" तिने विचारले. उघडले नव्हते. तास संपला होता आणि दादा पुढच्या गिऱ्हाइकाला बोलावत होते.

तिच्या लॅपटॉपवर फेब्रुवारी 2024 मध्ये नव्याने आलेले पहिले तिन्ही भाग आहेत. रात्री साडेदहाला आम्ही तिसऱ्यातला वाडा उघडला. डाव नव्याने सुरू केला की म्हातारा आपोआप बाहेरच असतो, त्यामुळे त्याला सोडवायचे तर आधी कोंडणे भाग होते. भाचीने हात मागे घेतला, तेव्हा ते पाप पुन्हा मीच केले. दार मिटले. आम्ही दोघी काही वेळ नुसत्या बसलो. मग मी बटण दाबले आणि तो बाहेर आला, तसाच कण्हत, ट्रे सांभाळत, आणि कपबशांचा खुळखुळाट त्या शांत घरात इतका मोठा वाटला की आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, "भांडा कोण वाजाडी ऱ्हायनं एवढ्या राती?"