शुक्रवार शाळेचा, शनिवार कॉलेजचा

आमच्या स्वयंपाकघरातल्या चार खुर्च्यांपैकी एक गेली दोन वर्षं कुरकुरते. तिच्यावर दर मंगळवारी आणि गुरुवारी समोरच्या घरातला पोरगा बसायचा. वय सतरा, वजन शंभर किलोच्या वर, मान माझ्या मांडीएवढी आणि बीजगणित कच्चं. टेक्सासात १९८४ पासून एक कायदा आहे, ‘नो पास, नो प्ले’. विषयात नापास झालास की मैदानाबाहेर. त्याची आई नर्स, बहुतेक रात्रपाळी. एकदा कचऱ्याचे डबे बाहेर ठेवताना तिने मला गाठलं, “तुम्ही इंजिनिअर ना? याचं गणित जरा बघाल?” बघायला लागले. तो पोहे खायचा (शेंगदाणे बाजूला काढून) आणि प्रत्येक वाक्याला “येस मॅम” म्हणायचा. समीकरण मात्र सुटायचं नाही.

डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को नावाचं गाव आहे, तिथे आम्ही राहतो. इथला फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडू, हेल्मेट, खांद्यावर गाद्या आणि दर दहा सेकंदांनी थांबणारा खेळ. मी कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवर पेठांच्या मॅचेस बघत वाढलेली, त्यामुळे पहिली दोन वर्षं मी याला फुटबॉल म्हणायलाच तयार नव्हते. मग मुलगी शाळेच्या बँडमध्ये गेली. बँड असतो फुटबॉलच्या मॅचला आणि बँडच्या पालकांना खाण्याच्या स्टॉलवर उभं राहावं लागतं. असा माझा या खेळात शिरकाव झाला, नाचोजवर पातळ चीज ओतत. पहिल्याच शुक्रवारी यंत्राचा नळ बंद करायला विसरले आणि चीज काउंटरवरून थेट बुटात. टचडाउन म्हणजे काय ते त्याच सुमारास कळलं, कारण सगळे ओरडले आणि माझ्याकडे कोणी बघितलं नाही.

इथे आठवड्याची वाटणी ठरलेली आहे. शुक्रवार शाळेचा, शनिवार कॉलेजचा, रविवार एनएफएलचा, म्हणजे व्यावसायिक लीगचा. नुसती रीत नाही ही. १९६१ च्या केंद्रीय कायद्याने आणि त्याच्या १९६६ च्या दुरुस्तीने सप्टेंबर ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत शुक्रवारी रात्री आणि शनिवारी एनएफएलचे सामने टीव्हीवर दाखवण्याला आडकाठी घातली. शाळा-कॉलेजांच्या मॅचचा प्रेक्षक पळू नये म्हणून! बदल्यात लीगला सगळ्या संघांचे टीव्ही हक्क एकत्र विकायची मुभा मिळाली. आमच्या शेजारच्या ॲलन गावात तर शाळेसाठी १८,००० माणसं बसतील असं स्टेडियम आहे. २०१२ मध्ये ६ कोटी डॉलर खर्चून बांधलं आणि २०१४ मध्ये भेगा पडल्या म्हणून काही काळ बंद ठेवावं लागलं. ते वाचून मला क्षणभर घरी आल्यासारखं वाटलं.

तर हा पोरगा. शाळेचा लाइनबॅकर, म्हणजे बचावफळीतला, समोरून चेंडू घेऊन येणाऱ्याला आडवा पाडणारा. चांगला खेळायचा. पण मोठ्या कॉलेजांकडून शिष्यवृत्तीचं पत्र काही येत नव्हतं. एका रविवारी दादाशी फोनवर बोलताना मी हे सांगितलं. दादा तरुणपणी तालमीकडून, म्हणजे पेठेच्या क्लबकडून, गोलकीपर होता. तो म्हणाला, “अगं पोरगं एवढं खेळतंय तर कॉलेज पायजे कशाला? सरळ क्लबात घाला की त्याला!”

कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला हेच सुचणार. आपल्याकडे खेळाडू तालमीतून येतो, पेठेतून येतो, मैदानातून येतो. कॉलेजच्या संघातून येणारे असतात, पण त्या दारातूनच यावं लागतं असं नाही. वैभव सूर्यवंशी तेरा वर्षांचा असताना राजस्थान रॉयल्सने त्याच्यावर १ कोटी १० लाखांची बोली लावली, तेव्हा त्याची दहावीही व्हायची होती.

दादाला उत्तर द्यायला मी शोधायला लागले आणि आपण कुठल्या विचित्र गावात राहतो ते लक्षात आलं. फ्रिस्कोत बेसबॉलचं मैदान आहे, तिथे ‘रफरायडर्स’ खेळतात. हा टेक्सास रेंजर्स या मोठ्या बेसबॉल संघाचा तालीम-संघ म्हणा ना. अठराव्या वर्षी शाळा संपली की बेसबॉलवाला पोरगा थेट करार करू शकतो आणि खालच्या पायरीवरून चढत चढत इथवर येतो. या पायरीवर २०२३ च्या करारात वर्षाला किमान ३०,२५० डॉलर ठरले. श्रीमंती नाही, पण पगार आहे, आणि पुढे शिकायचं झालं तर त्याचा खर्चही काही जण करारात लिहून घेतात. त्याच गावात एफसी डॅलसची अकादमी आहे, आपल्या फुटबॉलची. वेस्टन मॅकेनी तिथे घडला, कॉलेजची ठरलेली जागा सोडून अठराव्या वर्षी जर्मनीत शाल्के क्लबकडे गेला आणि पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाचा आधार झाला. आणि त्याच गावात एनएफएलच्या डॅलस काउबॉइज संघाचं मुख्यालय आहे. तिथल्या १२,००० खुर्च्यांच्या बंदिस्त मैदानावर आमच्या शाळांच्याही मॅचेस होतात. म्हणजे पोरगा शुक्रवारी रात्री काउबॉइजच्या अंगणात खेळतो, पण त्यांच्या दारातून आत जायला शाळा सुटल्यापासून तीन वर्षं थांबावं लागतं. एनएफएलचा नियमच तसा आहे.

ती तीन वर्षं काढायची कुठे? कॉलेजात. दुसरं काही नाही म्हणून.

मॉरिस क्लॅरेट नावाच्या खेळाडूने या नियमाला कोर्टात खेचलं होतं. ओहायो स्टेट विद्यापीठात पहिल्याच वर्षी त्याने संघाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं होतं. खालच्या कोर्टात जिंकला, पण मे २००४ मध्ये अपिलात हरला. तो निकाल लिहिणाऱ्या न्यायाधीश सोनिया सोटोमायोर पुढे सर्वोच्च न्यायालयात गेल्या. मुद्दा असा, की नोकरीच्या अटी लीग आणि खेळाडूंची युनियन मिळून ठरवतात, आणि वयाची अट त्यातलीच. मला यातली गंमत नंतर कळली. युनियनमध्ये असतात आधीच नोकरीत असलेले खेळाडू. अठरा वर्षांचं पोरगं त्या खोलीत नसतंच. आपल्या जागेवर येऊ घातलेल्यासाठी कोण भांडणार?

नियमाच्या बाजूने सांगतात ते अगदी खोटं नाही. अठराव्या वर्षी अंग भरलेलं नसतं आणि समोर तीस वर्षांचा, सव्वाशे किलोचा माणूस धावून आला तर हाड मोडेल. समोरच्या पोराकडे बघून हे पटायला जड जायचं, पण असो. मोठं कारण मला वेगळं वाटतं. कॉलेजं फुकटात रोपवाटिका चालवतात, पोरांना घडवतात, घरोघरी पोहोचवतात, आणि ज्यांचे गुडघे निकामी होतात ते लीगच्या खर्चात धरले जात नाहीत. अशी सोय कोण मोडेल?

मोडायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. २०१७ च्या जानेवारीत एनएफएलचा नामांकित खेळाडू टॉम ब्रेडी याचा एजंट डॉन यी याने ‘पॅसिफिक प्रो’ नावाची लीग जाहीर केली. दक्षिण कॅलिफोर्नियात चार संघ, शाळा सुटून चार वर्षांच्या आतली पोरं, वर्षाला सरासरी ५०,००० डॉलर. म्हणजे दादाचा ‘क्लबात घाला’ हाच हिशेब, फक्त डॉलरमध्ये. आधी २०१८ म्हणाले, मग पुढे, मग आणखी पुढे. लीगचा एकही सामना झाला नाही. २०१९ मध्ये आलेली ‘अलायन्स’ नावाची लीग कॉलेज संपवलेल्यांसाठी होती. ती फेब्रुवारीत सुरू झाली आणि आठ आठवड्यांत, हंगामाच्या मध्येच गुंडाळली गेली. घरी जायचं विमानाचं तिकीट स्वतःच्या खिशातून काढावं लागलं, असं त्यातल्या काही खेळाडूंनी सांगितलं. २०२० ची एक्सएफएल ही आणखी एक लीग पाच आठवडे चालली आणि कोरोना आला.

मी तोवर या पगारी लीगच्या अगदी बाजूची झाले होते. पोराला म्हटलं, चल, बघून तर येऊ. ३० मार्च २०२४ ला यूएफएल नावाच्या नव्या लीगचा पहिला सामना आमच्यापासून तासाभरावर आर्लिंग्टनला होता, बेसबॉलच्या जुन्या मैदानावर. तो, त्याची आई, माझी मुलगी आणि मी असे गेलो. त्या वर्षी आठही संघ आर्लिंग्टनलाच राहायचे, तिथेच सराव करायचे आणि मॅचपुरते आपापल्या ‘घरच्या’ शहरात विमानाने जायचे. पेठ नसलेली तालीम! बऱ्याच खुर्च्या रिकाम्या होत्या, पण मैदान एवढं जवळ की अंगावर अंग आपटल्याचा आवाज पोटात जाणवायचा. बर्मिंगहॅमने आर्लिंग्टनला २७-१४ असं हरवलं. पगार त्या वर्षी आठवड्याला ५,५०० डॉलर, मॅचेस दहा. मी मनातल्या मनात गुणाकार करत होते, तेवढ्यात शेजारून हळू आवाज आला, “मॅम, हे सगळे कॉलेज करून आलेत.”

तो फोनवर एकेका खेळाडूची माहिती बघत होता. पंचवीस, सव्वीस, सत्तावीस. एनएफएलने न घेतलेले किंवा घेऊन सोडलेले. कॉलेजच्या ऐवजी म्हणून मी त्याला जे दाखवायला आणलं होतं, ते कॉलेजच्या नंतरचं होतं. परत येताना गाडीत कोणी फारसं बोललं नाही. मुलगी झोपली.

या लीगमधून कोणी वर जातच नाही असं नाही हं. काउबॉइजचा किकर, म्हणजे पायाने चेंडू खांबांमधून मारणारा, ब्रँडन ऑब्री आमच्या शेजारच्या प्लेनोचा. कॉलेजात आपला फुटबॉल खेळला, टोरोंटो एफसीने निवडलं, तिथे जमलं नाही म्हणून सॉफ्टवेअर इंजिनिअर झाला. टीव्हीवर मॅच बघताना बायको म्हणाली, हे तर तूही करशील. मग सराव, मग बर्मिंगहॅमच्या याच संघाकडून दोन हंगाम, आणि २०२३ मध्ये काउबॉइजकडे येऊन कारकिर्दीतल्या पहिल्या सलग ३५ फील्ड गोल किक त्याने बिनचूक मारल्या. इथल्या आयटीवाल्या मराठी घरांत ही गोष्ट तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल, बहुतेक वेळा बायकोच्या तोंडून.

दरम्यान पगाराने दुसरीकडूनच वाट काढली. २०२१ च्या जुलैपासून कॉलेजच्या खेळाडूंना आपलं नाव आणि चेहरा वापरून जाहिरातीचे पैसे घेता येऊ लागले. ६ जून २०२५ ला कोर्टाने खेळाडूंच्या दाव्यातली एक तडजोड मंजूर केली आणि कॉलेजं स्वतःच खेळाडूंना पैसे देऊ लागली, पहिल्या वर्षी एका संस्थेला सगळे खेळ मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. नवी पगारी लीग काढायची गरजच उरली नाही, कॉलेजच पगारी लीग झालं. बास्केटबॉलमध्ये एनबीए या व्यावसायिक लीगने खास कॉलेजऐवजी पगार घेऊन खेळणाऱ्या पोरांसाठी काढलेला ‘इग्नाइट’ संघ २०२४ मध्ये बंद केला, त्यामागे हेच होतं.

ज्यांना मोठं कॉलेज बोलावतं त्यांचं चांगलं झालं, मला त्याचा आनंदच आहे. इतकी वर्षं लाखभर माणसं तिकीट काढून ज्यांना बघत होती, त्यांना पैसे घ्यायची बंदी होती. पण त्या तडजोडीत संघाचा आकडाही बांधला गेला. तडजोड मानणाऱ्या कॉलेजात फुटबॉलच्या संघात १०५ जण, बस्स. पूर्वी शिष्यवृत्ती ८५ जणांना असायची आणि वर कितीतरी पोरं बिनपैशाची घेत, त्यांना ‘वॉक-ऑन’ म्हणतात. आमच्या पोराची आशा त्या रांगेवर होती. शिवाय कॉलेज बदलायची मोकळीक झाल्यापासून प्रशिक्षक शाळेतल्या पोराला घडवत बसण्यापेक्षा दुसऱ्या कॉलेजातला तयार, एकवीस वर्षांचा गडी उचलतात. एका प्रशिक्षकाने त्याच्या आईला फोनवर हे सरळ सांगितलं. तिने ते मला कचऱ्याच्या डब्यांपाशीच सांगितलं, रात्रपाळीहून आल्या आल्या, गणवेश न बदलता.

शेवटी ज्युनिअर कॉलेज ठरलं. ते आपल्या अकरावी-बारावीसारखं नसतं, शाळेनंतरचं दोन वर्षांचं असतं. तिथे खेळून मोठ्या कॉलेजच्या नजरेत यायचं. कॅम न्यूटन टेक्सासच्याच अशा एका कॉलेजातून पुढे जाऊन २०११ मध्ये एनएफएलच्या निवडीत पहिला आला, हे पोराने मला तीनदा सांगितलं. दादाला कळवलं तर त्याचा पहिला प्रश्न, “पगार किती?” म्हटलं, पगार नाही, फी, खोली आणि दोन वेळचं जेवण. “म्हणजे तालमीचा खुराकच की गं,” दादा म्हणाला.

ऑगस्टमध्ये मायलेक तिकडे सामान घेऊन गेले. छोटा फ्रिज, दोन उशा, प्रोटीन पावडरचा बरणीवजा डबा आणि माझ्याकडची गणिताची वही, जी त्याने मागून घेतली. कॉलेज दोन तासांवर आहे आणि मॅचेस शनिवारी असतात. त्याच्या आईने आपल्या पाळ्या बदलून घेतल्यात. घराची एक किल्ली माझ्याकडे आहे, शनिवारी तिच्या कुंड्यांना पाणी मी घालते.