आठवडा ९ : टॉवेल, मांड्या आणि फ्री थ्रो

उन्हामुळे वेळ बदलली. आता पहाटे साडेपाचला बास्केटबॉल कोर्टवर. आठनंतर सिमेंट असं तापतं की बुटातूनही चटका बसतो. सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको.

आधी आकडे. फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारा, कुणी न अडवता मारायचा शॉट) रोज ५०, दहा-दहाच्या पाच खेपांत, आणि प्रत्येक खेपेआधी एक स्प्रिंट. आरामात उभं राहून मारलेले मॅचमध्ये कामाला येत नाहीत, हे मला उशिरा कळलं. पहिल्या आठवड्यात जेमतेम २१ पडायचे, आता सरासरी ३१. शुक्रवारी २४च. रात्री जागरण झालं होतं, तसं वहीत लिहून ठेवलंय.

खरा फरक डिफेन्समध्ये. माझी जुनी खोड म्हणजे बॉल दिसला की हात घालायचा. पाय जागेवर, हात पुढे, शिट्टी. चौथा फाउल झाला की पाचव्याला बाहेर जावं लागेल या धाकानं उरलेली मॅच नुसती अंग चोरून. आमचा सराव घेणाऱ्या दादांनी उपाय काढला : घरचा सोलापुरी टॉवेल मानेमागून घ्यायचा, दोन्ही टोकं मुठीत, आणि या एंडलाइनपासून त्या एंडलाइनपर्यंत २८ मीटर झिगझॅग स्लाइड, म्हणजे आडवी पावलं टाकत सरकणं. हात अडकले की छाती समोर न्यायला पायच हलवावे लागतात. पहिल्या दिवशी मांड्या इतक्या भरल्या की जिना उतरताना कठडा धरला. (टॉवेल कुठं गेला, याची आईकडून चौकशी चालू आहे.)

रविवारी आमच्यातला सगळ्यात चपळ गडी समोर होता. तो कायम उजवीकडूनच घुसतो. त्याची उजवी बाजू झाकून उभा राहिलो. डावीकडे वळला, अडखळला, बॉल दोन्ही हातांत धरला. मी मीटरभराच्या आत चिकटलो. दादा मोठ्यानं सेकंद मोजायला लागले... पाच! तेवढ्यात त्यानं बॉल सोडला नाही, म्हणून बॉल आमचा. "काय बे, गोचिडासारखा चिकटलास!"

लगेच पुढच्या वेळी कोपऱ्यातून शॉट घेतला. रिंगला लागून बाहेर. तरी त्यानंतरचाही घेतला. आधी एक हुकला की दहा मिनिटं बॉल मागायचोच नाही. शॉट एखाद्या दिवशी रुसतो, अडवणं मात्र माझ्या पायांवर आहे. ते जमतंय म्हटल्यावर हुकण्याची धास्ती कमी होते, असं माझं मत. पटत नसेल तर भांडा.

अडलंय क्लोज-आउटपाशी, म्हणजे शॉट घेऊ पाहणाऱ्याकडे धावत जाऊन त्याला अडवण्यापाशी. धावत जातो, पण थांबता येत नाही; समोरच्यानं नुसती हूल दिली तरी मी हवेत. पुढचा आठवडा तेवढंच. आणि हो, टॉवेल विकत आणायचाय.