धाकट्याचे टाळ

निघायच्या आदल्या रात्री आईने देवघरातले टाळ काढून माझ्यासमोर ठेवले. म्हणाली, "वाजवता नाही आले तर नुसते गळ्यात घाल. पण यंदा त्यांना घरी ठेवू नकोस."

धाकट्याला जाऊन अकरा वर्षं झाली. बाविसाव्या वर्षी, आठवडाभराच्या तापाचं निमित्त. त्याच्या सलग चार वाऱ्या झाल्या होत्या. मागे राहिलं ते एवढंच: तुळशीची माळ, पाठ असूनही जवळ बाळगलेला हरिपाठ आणि हे टाळ. दर एकादशीला आई ते चिंच लावून लख्ख घासायची, दोरीला मात्र हात लावू द्यायची नाही. घामाने काळी पडलेली दोरी. बोटांना काचते म्हणून धरायच्या जागी त्याने आजीच्या लुगड्याची पट्टी गुंडाळलेली. एका टाळाची कड किंचित उडालेली आहे, देवळाच्या पायरीवर पडून. त्यामुळे आवाजात बारीक खर येते. ती खर मला घरातल्या कुठल्याही खोलीतून ओळखता यायची.

आळंदीहून निघालो तेव्हा माझा ठेका चुकत होता. पुढच्या मावशींनी दोनदा मागे वळून पाहिलं, मग नाद सोडला. दिवेघाट चढताना ठेक्याकडे कोणाचं लक्ष नसतं, तिथे जरा सावरले. सासवडला मुक्काम पडला आणि सोपानकाकांच्या समाधीपुढे उभी राहिले. रांग मोठी, मागून रेटा, दर्शन म्हणजे एक क्षण. पण डोक्यात एकच घोळत राहिलं, की हे चौघांतले धाकटे भाऊ.

माउलींनी 1296 मध्ये समाधी घेतली, वय अवघं एकवीस. लहानपणी हे ऐकताना ते वय कधी वय वाटलंच नाही. धाकटा गेल्यावर वाटलं. दहाव्याला आलेल्या बुवांनी आत्मा अमर असल्याचं समजावलं, तेव्हा मी उठून मागच्या दारी गेले होते. खरं सांगायचं तर अजूनही त्यांच्यावरचा राग गेलेला नाही. पुढे नामदेवांचे समाधीचे अभंग वाचले. ज्यांनी माउलींना ज्ञान दिलं, ते थोरले निवृत्तिनाथ तिथे ढसाढसा रडतात. गुरू असून. ते वाचल्यावर मला पहिल्यांदा कोणीतरी जवळ बसल्यासारखं वाटलं.

लोणंद सोडलं आणि तरडगावच्या अलीकडे दोरी तुटली. टाळ रस्त्यावर आपटला, मी मटकन खालीच बसले. दिंडीतले एक आजोबा थांबले. पिशवीतून नवी सुती दोरी काढत म्हणाले, "कुणाचे टाळ, माउली?"

"भावाचे."

"तो नाही आला?"

मी मान हलवली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पुढे काही विचारलं नाही. दोरीचं टोक जिभेवर ओलं करून पिळलं, भोकातून ओवलं, आतल्या बाजूने गाठ मारून दातांनी आवळली. मग दुसरा टाळ. "मी दरसाल बदलतो," एवढंच म्हणाले. लुगड्याची पट्टी त्यांनी जुन्या दोरीवरून अलगद सोडवून नव्या दोरीला गुंडाळली. जुनी दोरी गुंडाळून माझ्या हातात ठेवली आणि झपाझप चालत दिंडी गाठली. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, अश्व धावला, लोक टापांखालची माती कपाळाला लावायला धावले. मी नव्या गाठीवर अंगठा फिरवत उभी होते.

सासवडहून सोपानकाकांची पालखी वेगळ्या वाटेने निघते. वेळापूर सोडल्यावर, भंडीशेगावच्या अलीकडे टप्पा म्हणून जागा आहे, तिथे दोन्ही पालख्या भेटतात. बंधुभेट. दोन्ही रथ शेजारी आले, मानकऱ्यांनी एकमेकांना श्रीफळं दिली, 'माउली माउली'चा गजर उठला. धूळ एवढी, की मला रथांच्या वरची फुलं तेवढी दिसली. तेवढ्यात शेजारच्या बाईने माझा दंड घट्ट धरला. ती कोणासाठी रडत होती मी विचारलं नाही, तिनेही मला विचारलं नाही. ठेका मात्र त्या वेळी चुकला नाही. खर ऐकू येत होती.

भंडीशेगावच्या तळावर टँकरच्या रांगेत उभी राहून आईला फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर सांगितलं, "आई, दोरी तुटली गं. नवी घातलीय."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं, फोन कट झाला.

मग म्हणाली, "गाठ आतून मारलीय ना?"